अडीचशे की साडेसातशे

नेत्राचे पाय टेकत नव्हते. उजवा चवडा टेकवला की डावा अधांतरी, डावा टेकवला की उजवा. साडेसातशे सीसीची ती काळी मोटारसायकल एकदाची सरळ उभी राहिली होती आणि तिच्यावर नेत्रा, उंची पाच फूट एक इंच, हँडल घट्ट धरून बसली होती.

"परफेक्ट!" प्रसन्न म्हणाला. तिच्या नवऱ्याला चार पावलांवरून सगळंच परफेक्ट दिसायचं.

"पाय टेकत नाहीत रे."

"सवय होते गं. मी आहे ना शिकवायला."

झालं! ह्या 'मी आहे ना'नं तीन आठवडे तिचं डोकं उठवलं होतं.

अमेरिकेत, चँडलरमध्ये, त्यांच्याकडे कार एकच. चिप बनवणाऱ्या कंपनीतली नेत्राची शिफ्ट संपायची सहाला आणि प्रसन्नची मीटिंग संपायची देव जाणे कधी. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी कंपनीच्या लॉबीत पर्स मांडीवर घेऊन त्याची वाट बघत बसली. सिक्युरिटीवाल्याच्या नातवंडांची नावंसुद्धा तिला पाठ झाली. सगळे म्हणाले, दुसरी कार घे. तिला कार नको होती. मोटारसायकल तिला कॉलेजात असल्यापासून हवी होती, पण तेव्हा घरी विचारायची छाती झाली नाही. आता चौतिसाव्या वर्षी तिनं कुणालाही न विचारता शनिवार-रविवारचा कोर्स केला, परीक्षा दिली, पास झाली आणि मगच घरी सांगितलं. प्रसन्न इतका खूश झाला, की गाडी निवडायचं काम त्यानंच अंगावर घेतलं.

त्यानं एक्सेल शीट केली. चौदा गाड्या, अकरा रकाने. नेत्राच्या उंचीचा रकाना त्यात नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे जो तो घरून एकेक पदार्थ आणतो त्या जेवणात, तो हातात प्लेट धरून सगळ्यांना सांगत सुटला, "अडीचशे सीसी म्हणजे काय गाडी आहे का यार? भाजी आणायला ठीक आहे. पुण्यात मी न् माझा दोस्त श्रीराम यामाहावर पहाटे कात्रजचा घाट चढायचो. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी यायचं!" स्वतः कोर्स मात्र त्यानं केला नाही. "मला कशाला कोर्स?" म्हणाला.

आजची गाडी त्यानं इंटरनेटवरच्या जाहिरातीतून हेरली होती. विकणाऱ्या बाईंचं नाव कॅरल, वय सत्तरीच्या आसपास. गॅरेजमध्ये दोन गाड्या होत्या. ही काळी, आणि कोपऱ्यात एक लाल, बुटकी, अडीचशेची.

"मोठी तुमच्या मिस्टरांची असेल," प्रसन्न म्हणाला होता.

"दोन्ही माझ्याच," कॅरलबाई म्हणाल्या होत्या. "आधी लाल घेतली. चार वर्षांनी काळी."

नेत्रा काळीवरून उतरली आणि कुणी काही बोलायच्या आत लालवर जाऊन बसली. दोन्ही टाचा फरशीवर टेकल्या. पण लहान गाडी घेतली तर घाबरट ठरणार, मंडळभर हसं होणार. आणि मोठी घेतली तर? पहिल्याच सिग्नलला ती कलंडणार. मग किल्ली जाणार प्रसन्नच्या खिशात आणि ती परत त्या लॉबीत, पर्स मांडीवर घेऊन. हे तिला लख्ख दिसत होतं. हसू दे मंडळाला.

"मला ही हवी," ती म्हणाली.

"अगं, भीती वाटते म्हणून लहान घ्यायची का?"

"हो. भीती वाटते म्हणूनच."

आवाज जरा चढलाच. मराठी कळत नसूनही कॅरलबाईंनी काय ते ओळखलं. त्यांनी काळ्या गाडीची किल्ली प्रसन्नच्या हातात ठेवली. त्याच्या यामाहाबद्दल त्या दहा मिनिटं इंग्रजीत ऐकत होत्या. तुम्ही एवढे अनुभवी, गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून या, म्हणजे हिलाही धीर येईल, असं त्या म्हणाल्या.

प्रसन्ननं हेल्मेट चढवलं. गाडी सुरू केली. ती एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला गाडी बेडकासारखी उडाली आणि डावीकडे झुकली. कॅरलबाईंनी एकीकडून आणि नेत्रानं दुसरीकडून धरली म्हणून बरं, नाहीतर साहेब गाडीखालीच असते.

नेत्राला हसू येत होतं, पण तिला त्याची दयाही आली. बिचाऱ्याचा चेहरा हेल्मेटात लालबुंद झाला होता.

"अरे, इथले गिअर वेगळे असतात," ती घाईघाईनं म्हणाली. "आणि किती वर्षं झाली चालवून. कुणाचंही होईल असं."

प्रसन्न खाली उतरला. हेल्मेट काढलं. आता हा दोन दिवस फुगून बसणार, असं तिला वाटलं. पण तो फुगला नाही. बऱ्याच वर्षांचं ओझं खाली ठेवल्यासारखा त्यानं मोठ्ठा श्वास सोडला, लाल गाडीपाशी गेला आणि तिची मागची सीट हातानं दाबून बघितली. छान मऊ होती.

"हीच घे," तो म्हणाला. मग कॅरलबाईंना मराठी येत नाही हे माहीत असूनही आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मंडळात कुणाला सांगू नकोस. यामाहा श्रीरामची होती गं. मी कायम मागेच बसायचो."