कुंकवाचं आयुष्य

साजगावात कुणालाही वाईट स्वप्न पडलं, की सकाळी गोदूबाईला अर्थ विचारायचा. शकू सुजलेला डोळा पदरानं झाकत तिच्या ओटीवर बसली.

"मावशी, नवरा मेलेला दिसला गं सपनात. मानेत कोयता रुतलेला."

"मग चांगलंच हाय की. सपनात मेलेला दिसला, की माणसाचं आयुष्य वाढतं. कितींदा दिसला?"

"लगीन झाल्यापासून रोज."

"नशीबवान हायस. शंभर वर्षं टिकतंय बघ तुझं कुकू."

शकू बिडीनं डागलेल्या हाताकडं बघत राहिली. अकरा वर्षं त्याला तीच जगवत आली होती.

"आज मी झोपणार नाय," ती उठत म्हणाली. "कोयत्याला धार लावायचा दगड हाय का गं तुझ्याकडं?"