झाकणावरचं अक्षर

“झाकणावरचं ‘पेट्रोल’ पुसू नका,” ताई म्हणाल्या.

मिस्त्रीच्या हातातला ब्रश हवेतच थांबला. ताईंच्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन उतरवून त्याने डिझेलचं बसवलं होतं. टाकी धुतली होती, नळ्या बदलल्या होत्या. राहिला होता तो टाकीच्या झाकणावरचा शब्द. इंधन बदललं की त्याच दिवशी झाकणावरचं नाव बदलायचं, हा त्याच्या गॅरेजचा नियम होता.

“ताई, कुणी चुकून पेट्रोल ओतलं तर?”

“इंजिन कामातून जाईल?”

“नाही, जुन्या घडणीचं आहे. थोडं पुढे जाऊन गचके खाईल आणि बसेल. टाकी उपसून धुतली की पुन्हा चालेल. पण भर रस्त्यात फजिती.”

“माझी फजिती मी बघून घेईन.” मग त्या हळूच म्हणाल्या, “ह्यांच्या हातचं अक्षर आहे ते.”

अक्षर वाकडंतिकडं होतं. जागा न पुरल्यामुळे ‘ल’ पार काठाला लोंबकळत होता. मिस्त्रीने ताईंच्या यजमानांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्याने रंगाचा डबा बंद केला. पुसायचं सोडून त्याने त्यावर वार्निशचा हात फिरवला.

त्या व्हॅनवर ताईंची लाँड्री चालत होती. दवाखान्याच्या चादरींची ओली गाठोडी घेऊन चढ चढताना पेट्रोल इंजिनला धाप लागायची, म्हणून हा खटाटोप. पण गाडीचे कागद होते दिराच्या नावावर, आणि भाऊ गेल्यापासून दिराला त्या कागदांची रोज आठवण व्हायची.

“माझ्या नावावर करून द्या,” ताई अनेकदा म्हणाल्या होत्या.

“वहिनी, बायकांनी इस्त्री फिरवावी. स्टिअरिंग कशाला?”

“हात तेच आहेत, भाऊजी.”

दीर आला तेव्हा व्हॅन अंगणात सुरूच होती. खिशात विक्रीचा छापील कागद, सोबत गिऱ्हाईक. ताईंनी गाठोडी खाली उतरवून घेतली.

“केवढा खडखडाट हा!” गिऱ्हाईक कुरकुरलं.

“वय झालं की सगळेच खडखडतात,” ताई म्हणाल्या. “टाकी तळाला गेलीय, भाऊजी. पंपावर भरून घ्या.”

दिराला आश्चर्य वाटलं. रडारड होईल, शेजारी गोळा होतील, या तयारीने तो आला होता. वहिनी इतक्या सहज नमल्या याचं त्याला थोडं वाईटही वाटलं.

दुपारी व्हॅन दोरीने ओढत गॅरेजच्या दारात आली. दीर घामाने निथळत होता. गिऱ्हाईक अर्ध्या वाटेतूनच शिव्या देत निघून गेलं होतं.

“चौकाच्या मधोमध बसली! सगळं गाव हॉर्न वाजवत होतं,” दीर ओरडला. “इंजिन खलास. भंगारवालासुद्धा नाक मुरडेल.”

निरोप मिळताच आलेल्या ताई दाराशी उभ्या होत्या. “मग हे लोढणं माझ्या गळ्यात बांधा. कागद आहेच तुमच्या खिशात.”

“घ्या! हौस फिटू दे तुमची.” दिराने बॉनेटवर कागद ठेवून ताईंचं नाव घातलं आणि फर्रकन सही केली.

ताईंनी कागदावर फुंकर घातली, शाई वाळू दिली, मग घडी केली.

तोवर मिस्त्रीने झाकण उघडून वास घेतला होता. “अहो, हे पेट्रोल! डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंत?”

“डिझेल?” दिराचा आवाज चिरकला. “मग झाकणावर पेट्रोल का लिहिलंय?”

“तुमच्या भावाच्या हातचं अक्षर आहे. ताईंनी पुसू दिलं नाही.”

“भावाच्या हातचं?” दीर बघतच राहिला. “अरे, त्याला लिहायला येत होतं कुठे? जन्मभर अंगठा उठवला त्याने. म्हणून तर कागद माझ्या नावावर केले होते!”

मिस्त्रीने वळून ताईंकडे पाहिलं.

ताईंनी घडी पर्समध्ये ठेवली, चेन ओढली.

“मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “आता पुसलंत तरी चालेल.”