आठ सिलिंडरांचा आवाज

इंजिनचा आवाज रेकॉर्ड करायचा म्हणून आधी कोंबड्या हाकलल्या. मग समोरच्या पुंजाजींनी पिठाची गिरणी बंद केली, आणि गल्लीत एवढी शांतता झाली की कोणी गेलं की काय म्हणून दोन माणसं चौकशीला आली.

धामणगावात रहेमतुल्ला मिस्त्रींच्या गॅरेजपुढे ती लाल अमेरिकन मोटार उभी होती. दरवाजे दोनच, बॉनेट बाजेएवढं, आणि त्याखाली पन्नास वर्षांपूर्वी निव्वळ जोर दाखवायला बनवलेलं आठ सिलिंडरांचं इंजिन. गंजून जाम झालेलं ते इंजिन मिस्त्रींनी चौदा महिने खपून जिवंत केलं होतं. गाडीचा मालक शंतनू पुण्याहून आला होता. त्याने गाडीला केसाळ टोप्या घातलेले चार माइक बांधले, हेडफोन चढवले आणि सुरू करा म्हणून अंगठा वर केला.

मिस्त्रींनी चावी फिरवली. गॅरेजचे पत्रे थरथरले. मिस्त्रींना मात्र ऐकू येत नव्हतं. ट्रॅक्टर दुरुस्त करता करता कान कधीच गेले होते. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं, पेचकसाचं, टोक इंजिनला टेकवलं, त्याची मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. इंजिन ते असं दातांनी ऐकत. आठही सिलिंडर बोलत होते.

शंतनूने हात केला. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं.

"आता राजूरचा घाट!" ते बहिऱ्या माणसाच्या सवयीने गल्लीभर ऐकू जाईल असं बोलले. "तिसऱ्या गेरात चढते का नाई पाहा, साहेब! पुंजाजी, तू मांगं बसजो!"

पुंजाजींनी त्यासाठीच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

शंतनूने मिस्त्रींच्या मुलाला, मतीनला, बाजूला घेतलं. "तुम्ही सांगितलं नाही त्यांना? उद्या इंजिन निघणार, बॅटरी बसणार, गाडी विजेवर चालणार. आपल्याला फक्त आवाज हवा होता."

"कसं सांगू, साहेब? कानात ओरडून सांगा लागते. घरी ओरडलो त शेजारी ऐकते, इथं ओरडलो त गिरणीवरचं गिऱ्हाईक. अन् अब्बाईनं साऱ्या गावाले सांगून ठेवलं का घाट चढवतो म्हणून."

"मग लिहून द्या."

"वाचता येत नाई त्याईले. वाचून दाखवा लागते. जोरात."

शंतनूने सुशिक्षित माणूस अशा वेळी करतो तेच केलं, विषय बदलला. "हे ऐका तर. विजेवर चालतानाही गाडीतल्या स्पीकरमधून असाच आवाज येणार. आत्मा तोच." त्याने बॅगेतून स्पीकर काढला, गाडीच्या सीटवर ठेवला आणि बटण दाबलं.

आठही सिलिंडर पुन्हा गरजले. परत आलेल्या कोंबड्या पळाल्या. पुंजाजींनी कानांवर हात ठेवले. मिस्त्रींना पळणाऱ्या कोंबड्या दिसल्या, पुंजाजी दिसले. गाडी कोणी सुरू केली म्हणून ते लगबगीने आले, पेचकस इंजिनला टेकवला, मूठ दातांत धरली. बराच वेळ धरली. जागा बदलून पुन्हा धरली.

"मतीन, हे त बंद हाये बे," ते म्हणाले. "मंग लोकं काय ऐकून राह्यले?"

मतीनने स्पीकरकडे पाहिलं. एवढ्या गोंगाटात गल्लीला काही कळणार नव्हतं. अशी संधी चौदा महिन्यांत आली नव्हती. त्याने अब्बांच्या कानाशी तोंड नेलं आणि छाती भरून श्वास घेतला. नेमकं तेव्हाच रेकॉर्डिंग संपलं.

"इंजिन काढून टाकून राह्यले, अब्बा! घाट नाई चढाचा!"

साऱ्या गल्लीने ऐकलं. मिस्त्रींनी पेचकस सदऱ्याला पुसला. मग पुन्हा पुसला.

समोर पुंजाजी उठले, इस्त्रीच्या शर्टानिशी आत गेले आणि त्यांनी गिरणी सुरू केली. दळायला तेव्हा कोणाचा दाणाही नव्हता.