काचेवरचा सिंह

जुन्या गाड्या घासूनपुसून नव्यासारख्या करून देण्याचं दाजींचं दुकान म्हणजे एक शटर, पाण्याचे दोन पाइप आणि मी, त्यांचा मेहुणा. पण लोगो मात्र त्यांना थेट विमान कंपनीसारखा हवा होता. डिझायनर बाईंनी पाण्याचा एक साधा, सुरेख थेंब काढून दिला. दाजींनी त्यात आधी सिंह घालायला लावला, मग सिंहाला मुकुट, मग मुकुटाला पंख. नाकापेक्षा मोती जड!

"साहेब, हा लोगो आहे, सर्कशीचा तंबू नाही," बाई शेवटी म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हाला धंदा कळत नाही," इति दाजी.

काचेवर बोटाचा ठसा राहिला तरी माझ्या अंगावर धावून येणाऱ्या या माणसाने मग ताटाएवढे स्टिकर छापून आणले. धुऊन चमकवलेल्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर, बरोबर मधोमध, मालकाला न विचारता एकेक चिकटवून दिला.

आठवड्याभरात फोन खणखणायला लागले. सोमवारी शटर उघडायच्या आधीच दारात चार गाड्या उभ्या. दाजींचे पाय जमिनीवर ठरेनात.

"बघितलंस मेव्हण्या? याला म्हणतात लोगो! डोकं लागतं त्याला." एवढं मला ऐकवून ते हात चोळत पहिल्या गाडीपाशी गेले. "बोला साहेब, काय सेवा करू?"



साहेबांनी मागच्या काचेकडे बोट दाखवलं, "हे जनावर खरवडून काढा," आणि रांगेतले बाकीचे तिघे एका सुरात म्हणाले, "आमचंही!"