लाईटपुढची जागा

पाटी वाचून उकंडराव जागीच थांबला.

मंडपाच्या पुढच्या खांबाला ती तारेने बांधलेली होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल, ठसठशीत अक्षरं : ‘सूचना. या लाईटपुढे बायांना येते. ज्यांना येते त्यांनी पुढे बसावे. नवरात्र मंडळ.’

घटस्थापनेच्या आधीपासून तो मंडळाच्या अध्यक्षाच्या, तातेरावच्या, मागे लागला होता. तो लुकलुकणारा लाईट लावायचा तर लावा, पण लोकांना आधी सांगा. जिला येतं तिनं मागं बसावं, असं पाटीवर लिहा. तातेराव ‘व्हय व्हय’ करत राहिला, आणि शेवटी हे लिहून घेतलं.

“तातेराव, हे काय लिवलं?”

“तुमीच म्हणले ना भाऊ, लाईटपुढं बायाला येतं म्हणून.”

“मागं बसावं म्हणलो होतो मी!”

“देवी येणाऱ्या बाईला मागं बसवू? चपला सोडल्यात तिथं? गाव मला ठिवंल का?”

“देवी न्हाई हो. ते दुसरं येतं.”

“दुसरं काय?”

 उकंडरावच्या घरात त्या आजाराचं नाव कधी घेतलंच नव्हतं. बायकोला, शकुबाईला, ‘यायचं’. आज आलं, परवा आलं होतं, एवढंच बोलायचे. नाव घेतलं आणि बाहेर गेलं, तर उद्या पोरीला कोण करून घेणार?

गेल्या नवरात्रात याच लाईटपुढे शकुबाई पडली. बायांनी तिला कुंकू लावलं, संबळवाल्याला अजून जोरात वाजवायला लावलं. तो तिला उचलायला गेला तर त्यालाच मागे ओढलं, आईला हात लावू नका म्हणून. वसमतला नेईपर्यंत ती संपली होती. तिथला डॉक्टर म्हणाला, अशा माणसापुढं लुकलुकता उजेड चालत नाही, कुणी सांगितलं नाही का? कोण सांगणार होतं? गाव आजही म्हणतं, शकुबाईला आई घेऊन गेली. त्याच्या दारावरून जाताना बाया हात जोडतात, आणि त्याला ओरडावंसं वाटतं.

त्याने मंडपात नजर टाकली. अगदी पुढे, लाईटच्या खांबाखाली, त्याची लेक कोमल बसली होती. कपाळभर कुंकू, ओटीत नारळ. तो शेरडं कोंडत होता तेवढ्यात शेजारची जिवनबाई तिला घेऊन आली होती. वैशाखात, वरातीतल्या असल्याच लाईटपुढे, कोमलचेही हात आखडले होते. ते फक्त त्यानेच पाहिलं होतं.

तो बायांतून वाट काढत पुढे गेला. “कोमल, ऊठ. घरी चल.”

“काहून उठवता भाऊजी लेकराला?” जिवनबाईने कोमलचं मनगट धरलं. “शकुची जागा हाय ती. आई मायकडून लेकीकडं येती. म्या ओटी बी भरली तिची.”

“तुमाला कोण सांगितलं भरायला?”

“दादा, मी केव्हाची उठून राहिले,” कोमल रडकुंडीला आली. “ह्या सोडतच न्हाईत.”

स्टेजवरून आवाज आला. “चाचा, सामने से हटो. लाईट चालू कर रहा हूँ.” वसमतहून आलेला लाईटवाला बाबूसिंग बटणावर बोट ठेवून उभा होता.

“बाबा, जरा थांब. यांना आधी सांग, हा उजेड...”

“बटन दबाना मेरा काम है, चाचा. बोलना है तो माइक पे बोलो.”

तातेरावने हौसेने माइक पुढे केला. “बोला भाऊ, बोला. वहिनीच्या अंगात आई कशी आली, दोन शब्द होऊन जाऊ द्या.”

बाया सरसावून बसल्या. कुणीतरी हात जोडले.

उकंडरावने माइक घेतला.

“माझ्या बायकोला फेफरं होतं,” तो म्हणाला. “देवी न्हवती. फेफरं. तिच्या माघारी आता पोरीला बी हाय. असा लाईट लुकलुकला की येतं. कुणाच्या घरी असंल तर त्यानं आपलं माणूस मागं न्यावं. संपलं.”

 कोमलच्या आजूबाजूच्या बाया आपापली पातळं आवरत सरकल्या. तिच्याभोवती मोकळी सतरंजी उरली.

तातेरावने कपाळावर हात मारून घेतला. “भाऊ, काय केलं हे! पोरीची सोयरीक कुठं जुळायची आता?”

“तुमी पाटी बराबर लिवली असती तर मला बोंबलायचं कामच न्हवतं.”

 त्याने कोमलला हाताला धरून उठवलं. जिवनबाईही उठली. आता ही भांडणार, असं त्याला वाटलं, आणि तेवढं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. पण ती त्याच्याकडे न बघता वाकली. शेजारी तिची लेक मोहिनी बसली होती; परवाच तिच्या लग्नाची सुपारी फुटली होती. जिवनबाईने तिचा दंड धरला.

“चल ग, मागं बसू,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “इथं जनरेटरचा धूर लई येऊन राहिला.”

मोहिनी मान खाली घालून तिच्या मागे निघाली.

जनरेटर मंडपाच्या मागच्या अंगालाच भडभडत होता.