वाटीला एक रोप

मालकाने ट्रॅक्टरवर वाकून वेगाचा डायल पाहिला, बोटाने काच पुसली आणि पुन्हा पाहिला.

"काटा तर नेहमीच्याच जागी आहे. मग सकाळी संपणारं शेत दुपारपर्यंत का रखडतंय?"

"माती जड आहे, मालक," ड्रायव्हर म्हणाला.

"माती जड आहे की तुझं बूड?" मालक बांधावरून निघून गेला.

डायल बिचारा खोटं बोलत नव्हता. तो गिअरपेटीच्या फेऱ्या मोजायचा. खाली चाक केवढं आहे, हे त्याला कोण सांगणार? मागचे टायर झिजून गुळगुळीत झाले तेव्हा मालकानेच ते बदलायला सांगितले, आणि ड्रायव्हरने गुपचूप एक माप लहान चाकं बसवून आणली. इंजिन तेच, गिअर तोच, फेऱ्याही तेवढ्याच. पण लहान चाक एका फेरीत कमी जमीन कापतं. "लोक मोठी चाकं लावून पळायला बघतात," टायरवाला हसला होता, "तुला रांगायची हौस आली का?"

हौस कसली. ट्रॅक्टरच्या मागे रोपं लावायचं यंत्र जोडलेलं होतं आणि त्या यंत्रावर त्याची बायको बसायची. यंत्राचं चाक जमिनीवर जितक्या वेगाने फिरेल, तितक्याच वेगाने तिच्यासमोर वाट्या फिरत यायच्या. टक्‌ झालं की एक वाटी, वाटीला कोबीचं एक रोप. हात चुकला की ओळीत रोपाच्या जागी नुसतं भोक. वर्षानुवर्षं तिचा हात चुकला नव्हता. त्या टक्‌टक्‌च्या तालावर ती गायची:

घे ग माती, घे ग रोप, तुझ्या पदरात टाकलं,
सांग आता माझ्या हाती माझं काय ग राखलं.

मग बोटं हट्टाला पेटली. रोप धरलं की सोडेनात, सोडलं की धरेनात. मोठ्या डॉक्टरांनी ड्रायव्हरला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं: आधी बोटं, मग हात, मग बाकीचं. औषध द्यायचं ते मनाच्या समाधानाला. तिला त्याने एवढंच सांगितलं, की औषध लागू पडायला वेळ लागतो. इकडे ओळींत भोकं दिसू लागली. आणखी वाट्या रिकाम्या गेल्या तर तिथे दुसरी बाई बसेल, असं मालकाने बजावलं.

"मला घरी बसवू नका हो," ती म्हणाली होती. "घरी मी हातांकडेच बघत बसेन."

गिअर आधीच सगळ्यात खालचा होता. रेस आणखी कमी केली की इंजिन धापा टाकून बंद पडायचं. उरली होती ती चाकं.

चाकं बदलली आणि भोकं थांबली. आटलेलं गाणं पुन्हा वाहू लागलं. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "औषधाला गुण आला बघा." तो समोर बघत राहिला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं एक बरं असतं, मागे बसलेल्या माणसाला त्याचं तोंड दिसत नाही.

आज मालक गेल्यावर त्याने पुन्हा गिअर टाकला. टक्‌. टक्‌. मग एक टक्‌ पोकळ वाजलं. थोडं पुढे आणखी एक. गाणं मध्येच तुटलं आणि जरा वेळाने तिथूनच पुढे सुरू झालं, जसं काही झालंच नाही. त्याने मागे वळून पाहिलं नाही. ओळीच्या टोकाला इंजिन बंद केलं.

"डिझेल संपत आलंय. घेऊन येतो," एवढंच बोलून तो डबा उचलून रस्त्याला लागला.

परत आला तेव्हा उन्हं कलली होती. ती यंत्रावर तशीच बसून होती. हात मांडीवर, जणू कुणी विसरून ठेवलेले.

"मिळालं?"

"मिळालं."

"डिझेल मिळालं, आणि डबा वाऱ्याने हलतोय," ती हसली. मग हळूच म्हणाली, "अहो, चाकं बदललीत त्याच दिवशी मला कळलं. गाण्याच्या दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला जागा झाली होती. औषधाचं म्हटलं ते तुमच्यासाठी."

तो डबा धरून उभाच राहिला. कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

"टायरवाला काय म्हणाला?" तिने विचारलं. "ह्याहून लहान नाहीत ना?"