हरवलेली चमकी

प्रयोगशाळेच्या धूळविरहित क्लीन रूममधून बाहेर येताच नीलांबरीने मास्क हनुवटीवर ओढला, नाक खाजवलं आणि पुन्हा चाचपून पाहिलं. नाकात चमकी नव्हती! आत जाताना दागिने काढून ठेवायचे, हा नियम एम.टेक.च्या पहिल्याच दिवशी पाठ झालेला. पण चमकी हा काय दागिना असतो होय? ते तर नाकच!

वर्षभर खपून बनवलेला डब्याएवढा उपग्रह तिच्या गटाने आत्ताच बंद केला होता. उद्या त्याची कंपन-चाचणी. आत धातूचा कण जरी सुटा राहिला, तरी अवकाशात शॉर्टसर्किट आणि सगळं मुसळ केरात. उघडावा, तर सगळी जुळणी पुन्हा करण्यात चाचणीची तारीख हुकणार, सगळ्यांची पदवी लांबणार. गप्प बसावं? कुणाला कळणार होतं?

"मॅडम, माझी चमकी... बहुतेक आत पडलीय."

"अगं बये!" वर्गमित्र इम्तियाज किंचाळला. "उपग्रहाला दागिने घालतेस?"

मार्गदर्शक उमराणी मॅडम पुन्हा आत शिरल्या. मागोमाग जाताना नीलांबरीने मास्क वर ओढला, तर नाकाला काहीतरी टोचलं. चमकी मास्कमध्येच अडकली होती!

"सापडली! मॅडम, उघडू नका!"

मॅडमनी मात्र उपग्रह कानाशी धरून हलकेच कलता केला होता. "मग हे काय खुळखुळतंय?"

झाकण निघालं आणि एक इवलासा नट टेबलावर घरंगळला. सकाळी तो मॅडमनीच स्वतःच्या हाताने बसवला होता.

मॅडमनी नट उचलून तळहातावर घेतला. "तारीख गेली, पण उपग्रह वाचला. पोरी, इथून पुढे चमकी घालूनच येत जा!"